कविराज, तुम्ही अनम्यूट आहात!

ज्या देशात व्हॉट्सअ‍ॅपवरून आईला कॉल लागत नाही, त्या देशात मराठी कवी मात्र विनासायास लागतो. इथल्या दूरसंचार नियमांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलला दार लावून ठेवलंय. झूमला मात्र २०२० च्या कोविडकाळात मुभा मिळाली, आणि त्या फटीतून अखिल महाराष्ट्राचं काव्यविश्व रुवैसच्या दिवाणखान्यात येऊन बसलं. ते अजून उठलेलं नाही. रुवैस म्हणजे अबू धाबी शहरापासून पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवरची एक अवाढव्य रिफायनरी, शेजारचे पेट्रोकेमिकलचे कारखाने आणि ते चालवणाऱ्यांची वसाहत. आम्ही इथे तेल शुद्ध करतो. तिकडे कवितेतला गाळ कोण काढतं, देव जाणे.

भारतात सात वाजतात तेव्हा इथे साडेपाच. ड्यूटीवरून आलेल्या माणसाने चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडावा, तर कवी अजून कविता वाचत नसतो. भूमिका मांडत असतो. मागे पुस्तकांचं कपाट. (जाडजूड ग्रंथ कॅमेऱ्याच्या टप्प्यात, न वाचलेले दिवाळी अंक टप्प्याबाहेर.) पुढे गोल दिवा, त्याचं प्रभामंडल डोक्यामागे पडायचं ते चष्म्याच्या काचांत पडलेलं. "कविता समजावून सांगायची नसते, ती जाणवायची असते," असं कवी बजावतो आणि तडक समजावून सांगायला घेतो. संवादक मान तिरकी करून विचारतो, "सर, तुमच्या कवितेत एक मौन आहे..." झालं! मौनावर पुढची वीस मिनिटं अखंड बडबड. उरलेल्या वेळात, निवेदिकेने घड्याळ दाखवल्यावर, कविता. ती अकरा ओळींची.

आमच्या प्लांटमध्ये काम सुरू होण्याआधी टूलबॉक्स टॉक असतो. सुपरवायझर उभ्याउभ्या सांगतो: आज काम काय, धोका कुठे, काही बिघडलं तर जमायचं कुठे. सह्या करा, कामाला लागा. कवीच्या प्रास्ताविकात यातलं एकही कलम नसतं. धोक्याचं तर नसतंच. आणि माझा सगळा राग तिथेच आहे. पाल्हाळ मी एक वेळ सोसेन. पण ज्या कार्यक्रमात कोणी पडूच शकत नाही, त्याला 'काव्याची कसोटी' काय म्हणून म्हणायचं?

कसोटी लावणार कोण? श्रोते? श्रोते म्हणजे आपली पाळी येण्याची वाट पाहणारे इतर कवी. खाली ओळीने उमटत जातं: "अप्रतिम!" "काळजाला भिडलं सर!" "निःशब्द!!!" इतके निःशब्द लोक एकाच वेळी इतकं टाइप करताना जगात दुसरीकडे सापडणार नाहीत. काहींच्या काळजाला तर कविता सुरू होण्याआधीच भिडलेली असते. स्वतःचं वाचन आटोपलं की यांचं नेटवर्क तत्परतेने जातं. उंटाच्या लग्नात गाढव गातं आणि दोघं एकमेकांच्या रूपाची नि गळ्याची तारीफ करतात, हे संस्कृत सुभाषित आपण शाळेत शिकलो. त्यातल्या उंटाची मी इथे राहून जाहीर माफी मागतो. आमच्या अल धफ्रा भागात उंटांच्या सौंदर्यस्पर्धा होतात. तिथे परीक्षक असतात, आणि हरलेला उंट चक्क हरतो. त्याला सहभागाचं सन्मानपत्र पीडीएफमधून कोणी पाठवत नाही.

बरं, कॅमेऱ्यापुढे कविता म्हटली की असंच होणार, असं म्हणावं तर तेही खोटं. याच अमिरातीत २००६ पासून 'मिलियन्स पोएट' नावाचा टीव्ही कार्यक्रम चालतो. आखाती बोलीतली नबाती कविता, थेट प्रक्षेपण, भरलेलं सभागृह. परीक्षक कवीच्या तोंडावर चिकित्सा करतात, गुण देतात, प्रेक्षक मतं देतात आणि कवी बाद होतात. आहे का तमाशा? आहेच. कोट्यवधींच्या बक्षिसाचा भपकाही आहे. पण २०१० साली त्याच मंचावर हिस्सा हिलाल ही सौदी कवयित्री उभी राहिली, कट्टर फतवेबाजांवर तुटून पडणारी कविता म्हणाली आणि जिवे मारण्याच्या धमक्या झेलून तिसरी आली. तिचा चेहरा कोणाला दिसला नाही. नकाबातून डोळे तेवढे दिसत होते. आमचा विद्रोही कवी मात्र वाचनाआधी तीनदा विचारतो, "फ्रेममध्ये नीट येतोय ना मी?"

यावर ठरलेलं उत्तर येतं: कवी पूर्वीही वाचतच होते की! होते ना. रविकिरण मंडळाचे कवी कविता गात होते, आणि म्हणूनच केशवकुमारांनी, म्हणजे अत्र्यांनी, 'झेंडूची फुले'त त्यांची यथासांग पूजा बांधली. आज अत्रे झूमवर आले तर यजमान त्यांना आधी म्यूट करतील, मग वेटिंग रूममध्ये बसवतील. विंदा, पाडगावकर आणि बापट गावोगाव एकाच मंचावरून वाचत. म्हणजे तुलना समोरच मांडलेली. खुर्चीतला श्रोता खोकत होता, चुळबुळत होता, उठून जाताना दिसतही होता. आणि अरुण कोलटकर? आयुष्यभर मुलाखतींपासून चार हात लांब. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार २००५ चा. कोलटकर २००४ मध्येच गेले. केवढी ही व्यावसायिक बेपर्वाई! साधं एक 'माझी सृजनप्रक्रिया' नावाचं लाइव्हसुद्धा केलं नाही त्या माणसाने.

मी एका संयोजकांना लिहून सुचवलं: कवीने आधी कविता वाचावी, नंतर हवं तर बोलावं, आणि एक तरी माणूस असा बोलवावा की जो "ही फसली आहे" असं त्याच्यासमोर, कारणांसह सांगेल. उत्तर तिखट आलं. कविता ही आत्म्याची अभिव्यक्ती आहे, तिचं मूल्यमापन करणारे आपण कोण, कवितेची का कुठे स्पर्धा असते? मी वरमलो. पुढच्या शनिवारी तेच गृहस्थ कवी म्हणून पडद्यावर अवतरले आणि निवेदिका त्यांचा परिचय वाचू लागली: "राज्यस्तरीय काव्यस्पर्धेत सलग तीन वेळा प्रथम..."