खोलीतला 'र' घरी यायला हवा

परंडा किंवा उमरग्याकडचे एखादे सात वर्षांचे मूल धाराशिवला स्पीच थेरपिस्टसमोर बसते, आरशात जीभ पाहत 'भाकरी' हा शब्द स्पष्ट म्हणते. परतीच्या एसटीत मात्र पुन्हा 'भाकली'च. दोन-चार फेऱ्यांनंतर आई-वडिलांना वाटते, गुण येत नाही. मजुरी बुडवून चाललेले उपचार ऐन मोक्याला थांबतात.

खरे तर ते अपयश नसते. नवा उच्चार आधी सुटा जमतो, मग शब्दात, वाक्यात आणि सर्वांत शेवटी गप्पांमध्ये. बोलताना मुलाचे लक्ष काय सांगायचे याकडे असते, त्यामुळे जीभ जुन्या सवयीनेच वळते. म्हणून ही शेवटची पायरी घरीच चढावी लागते.

त्यासाठी रोजची दहा मिनिटे ठरवावीत. धान्य निवडताना किंवा शाळेच्या वाटेवर 'ज्वारी', 'दोरी', 'घर' असे चार-पाच शब्द घेऊन छोट्या गप्पा माराव्यात. चूक सुधारायची ती याच वेळेत. एरवी मुलाने 'भाकली दे' म्हटले, तर आईने 'भाकरी हवी? घे' एवढेच म्हणावे. मुलाने स्वतःची चूक स्वतः पकडली, तर कौतुक करावे. चारचौघांत 'पुन्हा म्हण' असा आग्रह धरला किंवा 'बोबडा' म्हणून चिडवले, तर मूल बोलणेच टाळू लागते.

बोली आणि दोष यांतही गल्लत नको. घरात सगळेच 'पाणी'ला 'पानी' म्हणत असतील, तर ती बोली आहे. तिला उपचार नको. 'र' काही मुलांना उशिराच जमतो. पण चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्याला कळत नसेल, तर थांबू नये. कान आणि टाळू आधी तपासून घ्यावेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्या व शाळांत मुलांची तपासणी करतात. त्यात श्रवणदोष, दुभंगलेले ओठ-टाळू आणि भाषाविकासातील विलंबही पाहिला जातो. पण दोष शोधून काम संपत नाही. प्रत्येक भेटीनंतर घरच्या सरावाची मराठी चिठ्ठी, वर्गशिक्षकांना सूचना आणि अधूनमधून फोनवर विचारपूस, एवढी व्यवस्था व्हायला हवी. त्याला मोठे यंत्र लागत नाही. मुलाने घरात 'भाकरी' सहज मागितली, तरच उपचार पूर्ण झाला असे म्हणावे.