काढा आणि पुन्हा टाका, पण बिघाड तसाच

हैदराबादच्या दिलसुखनगरात क्लासच्या पाट्या मजल्यामागून मजला चढत गेल्या आहेत. काचीगुड्याला उतरून मराठवाड्यातली मुलेही तिथे पोहोचतात आणि थोड्या महिन्यांत सर्व्हर सांभाळायला शिकू पाहतात. अशा घाईच्या शिक्षणात एक तोडगा हमखास हाती पडतो: बिघडले की काढा आणि पुन्हा टाका. विंडोजवर वाढलेल्यांना तो पटतोही, घरच्या संगणकावर तो बऱ्याचदा लागू पडलेला असतो. लिनक्सच्या सर्व्हरवर मात्र नेमका हाच तोडगा फसतो. तो का फसतो, हे क्लासात पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवे.

उबुंटूवरचा अपाची हा वेब सर्व्हर घ्या. सुरू होत नाही म्हणून कोणी सेटिंग्ज ठेवणाऱ्या ईटीसीमधला त्याचा अख्खा फोल्डर उडवतो आणि पॅकेज पुन्हा टाकतो. फायली उतरतात, पण सर्व्हर उठत नाही. अपाची-टू-डॉट-कॉन्फ सापडत नाही, अशी तक्रार येते. दहा वेळा टाकले तरी तेच. यात लिनक्सची चूक नाही. उबुंटू ज्यावर उभे आहे त्या डेबियनचा नियम असा की ईटीसीमधल्या फायली सर्व्हर चालवणाऱ्याच्या. त्याने केलेला बदल पॅकेजने पुसायचा नाही. फाइल काढून टाकणे हाही बदलच. मालकाने काढलेली खुंटी सुताराने न विचारता पुन्हा ठोकू नये, तसे. फाइल परत हवी असेल तर पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीला 'फोर्स-कॉन्फमिस' असे स्पष्ट सांगावे लागते. उलट, नुसते 'रिमूव्ह' केले तर सेटिंग्ज मागे राहतात (डीपीकेजीच्या यादीत त्या पॅकेजपुढे 'आरसी' दिसते) आणि चुकीची ओळ नव्या अपाचीतही तशीच हजर होते. 'पर्ज' केले तर पॅकेजच्या सेटिंग्जही जातात, म्हणून आधी त्यांची प्रत काढून ठेवलेली बरी. आणि कित्येकदा दोष अपाचीत नसतोच: ऐंशी क्रमांकाच्या पोर्टवर एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर आधीच ठाण मांडून असतो. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' एवढे लॉगमध्ये वाचले आणि 'एसएस' या आदेशाने पोर्ट कोणी धरलाय ते पाहिले, की काम संपले.

यावर क्लासवाले म्हणतील, वेळ कुठे आहे? मुलाला नोकरी हवी, डेबियनचे धोरण नको. पण लॉग दाखवणारे जर्नलसीटीएल आणि सेटिंग्ज तपासणारे कॉन्फिगटेस्ट शिकवायला एक तास पुरतो. आंधळेपणाने पुन्हा-पुन्हा टाकण्यात त्याहून जास्त वेळ जातो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: आता सगळे कंटेनरमध्ये चालते, बिघडला तर फेका, नवा उभा करा. खरे आहे. पण नवा कंटेनर जुन्याच लिखित सेटिंग्जवर उभा राहतो. चूक त्या फायलीत असेल तर नवाही त्याच ओळीवर अडखळणार, आणि तेव्हाही लॉगच वाचावा लागेल. शिवाय लहान पतसंस्था, शाळा, दुकाने यांचा एकुलता एक सर्व्हर फेकून देण्याजोगा नसतो. त्यात त्यांचा डेटा असतो.

म्हणून परीक्षेत कोऱ्या यंत्रावर अपाची टाकायला सांगण्याऐवजी बिघडलेला सर्व्हर समोर ठेवावा, पुन्हा इन्स्टॉल करायला मनाई करावी आणि निम्मे गुण बिघाडाचे कारण एका वाक्यात लिहिण्याला द्यावेत.