सूरसंगत : चौघांसाठी संगीत निवडताना

या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून एक तक्रार निरनिराळ्या शब्दांत आम्हांस वाचावयास मिळते. मुले चारपाच वर्षे व्हायोलिन शिकली, कोणी चेलोही हाती घेतला, मग पालकांनी उत्साहाने चौघांना एकत्र बसविले आणि एखाद्या थोर संगीतकाराची वही मागविली. पहिल्या रविवारी दिवाणखाना भरला. चौथ्या रविवारी एकाची परीक्षा निघाली, पाचव्या रविवारी दुसऱ्याला सर्दी झाली आणि सहाव्या रविवारी स्टँड माळ्यावर गेले. मुलांना गोडी नाही, असा निष्कर्ष घरोघरी काढला जातो. आमचे मत निराळे आहे. दोष बहुधा मुलांचा नसतो, वहीचा असतो. म्हणजे पर्यायाने ती निवडणाऱ्यांचा असतो.

निवड का चुकते, याचे मूळ आपल्या कानांच्या सवयीत आहे. आपल्या मैफलीत गायक किंवा वादक एक, बाकीचे साथीदार. साथ कितीही समृद्ध असली तरी ती मुख्य कलावंताच्या मागून चालते. हीच दृष्टी घेऊन आपण पाश्चात्य स्वरलिपीतील वही उघडतो, पहिल्या व्हायोलिनची ओळ गुणगुणून पाहतो आणि ती आवडली की वही पसंत करतो. परंतु दोन व्हायोलिन, एक व्हिओला व एक चेलो यांची जी चौकडी युरोपात 'स्ट्रिंग क्वार्टेट' म्हणून रूढ झाली, तिची घडण मैफलीची नव्हे, चौघांच्या संभाषणाची आहे. वाद्यवृंदात एका पार्टावर दहा जण असतात, एखादा अडखळला तरी झाकले जाते. येथे प्रत्येक पार्टावर एकच माणूस. त्याला लपावयास जागा नाही. आणि त्याच्या ओळीत काही नसेल, तर त्याला बसावयास कारणही नाही.

म्हणून वही हाती घेताना दोन प्रश्न आधी विचारावेत, असे आम्ही सुचवितो. आपल्या चौघांत ज्याचा हात सर्वांत कच्चा आहे, त्याला हे झेपेल काय? आणि ज्याची खुर्ची सर्वांत मागची समजली जाते, त्याला यात काही बोलावयास मिळेल काय? 'ही रचना प्रसिद्ध आहे काय?' हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पाखेलबेलच्या सुप्रसिद्ध 'कॅनन'वरून ध्यानात येईल. मुळात ही रचना तीन व्हायोलिन व खर्जाचे वाद्य यांसाठी आहे. व्हायोलिने एकामागून एक येऊन नवनवे विणकाम करीत असता खालचे वाद्य तेच आठ स्वर, त्याच क्रमाने, अठ्ठावीस वेळा वाजविते. समारंभात श्रोते तृप्त होतात. चेलो शिकणाऱ्या मुलास मात्र दर रविवारी एवढेच काम दिले तर त्याने किती दिवस यावे? रचना वाईट नव्हे. पण कार्यक्रमात ती एक असावी आणि तिच्या शेजारी चेलोचे ऋण फेडणारी दुसरी असावी.

अशी रचना शोधावयाची तर हेडनकडे जावे. योझेफ हेडन (१७३२–१८०९) याने सुमारे अडुसष्ट क्वार्टेट रचली आणि या प्रकारास पक्के रूप दिले. १७७२ सालच्या विसाव्या ओपसमधील दुसरे क्वार्टेट चेलोच्या गाण्याने उघडते, पहिले व्हायोलिन मागाहून येते. त्याहून बोलका दाखला म्हणजे शहात्तराव्या ओपसमधील तिसऱ्या क्वार्टेटचा दुसरा भाग. १७९७ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी रचलेल्या आपल्याच स्तोत्राची चाल हेडनने येथे घेतली आहे. प्रथम ती पहिले व्हायोलिन गाते. नंतरच्या चार आवर्तनांत ती दुसऱ्या व्हायोलिनकडे, मग चेलोकडे, मग व्हिओलाकडे आणि अखेर पुन्हा पहिल्या व्हायोलिनकडे येते. चाल कोठेही बदलत नाही, भोवतालची वस्त्रे तेवढी बदलतात. सबंध क्वार्टेट नवशिक्यांच्या आवाक्यातले नाही. पण थोडी तयारी असलेल्या चौघांनी हा एक भाग सावकाश लयीत बसविला, तर प्रत्येकाला कधी यजमान व कधी पाहुणा होण्याचा अनुभव मिळतो.

आता पहिला प्रश्न, कच्च्या हाताचा. येथे मोठमोठ्यांचाही अंदाज चुकलेला आहे. १८८७ साली प्रागमध्ये द्वोर्झाक राहत असलेल्या घरात रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी राहत असे व व्हायोलिन शिकत असे. तो, त्याचे शिक्षक आणि स्वतः व्हिओला घेऊन आपण अशा तिघांनी वाजवावे म्हणून द्वोर्झाकने दोन व्हायोलिन व व्हिओला यांचे 'टेर्त्सेटो' रचले. ते त्या विद्यार्थ्यास जड गेले. द्वोर्झाकने काय करावे? विद्यार्थ्यास आणखी रियाज करावयास न सांगता त्याने त्याच तीन वाद्यांसाठी सोप्या, छोट्या रचनांचा दुसरा संच लिहून दिला. एवढा मोठा संगीतकार समोरच्याचा हात पाहून वही बदलतो, तर आपण पालकांनी व शिक्षकांनी विकत घेतलेली वही बदलण्यात कमीपणा का मानावा?

शूबर्टच्या घरचे उदाहरण तर आपल्या वाचकांस विशेष जवळचे वाटेल. वडील शाळामास्तर, ते चेलो धरीत, दोन थोरले बंधू व्हायोलिन वाजवीत आणि फ्रान्झ व्हिओलावर बसे. त्याची सुरुवातीची क्वार्टेट या घरच्या चौकडीसाठी रचलेली आहेत. १८१३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने लिहिलेले 'ई फ्लॅट'मधील क्वार्टेट आजही हौशी मंडळींच्या हाती असते. उलट प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख विल्हेल्म चेलो वाजवीत असे, म्हणून १७८९–९० मध्ये मोझार्टने त्याला उद्देशून हाती घेतलेल्या तीन क्वार्टेटांत चेलो ठिकठिकाणी उंच स्वरांत पुढे येतो. आपल्या चौघांत चेलोचा हात तयार असेल तर ही वही घ्यावी. तो नुकताच शिकू लागला असेल तर ती कपाटात राहू द्यावी. संगीतकार समोरची माणसे पाहून लिहीत आले, आपण माणसे पाहून निवडावे.

पुष्कळ घरांची अडचण अशी, की चौघे जमतच नाहीत. व्हायोलिने तीन आणि व्हिओला कोणाचाच नाही. निराश होण्याचे कारण नाही. शाळांसाठी तयार केलेल्या कित्येक संचांत व्हिओलाचा पार्ट तिसऱ्या व्हायोलिनसाठी वेगळा छापलेला असतो. तो आहे की नाही हे विकत घेण्यापूर्वी पाहावे, कारण व्हिओलाची स्वरलिपी निराळ्या खुणेने, 'सी क्लेफ'ने, लिहितात आणि व्हायोलिन शिकलेल्या मुलास ती सहजी वाचता येत नाही. दोनच व्हायोलिने असतील तर बार्टोकची १९३१ ची चव्वेचाळीस द्विवादने आहेत. लोकगीतांच्या आधाराने रचलेली व सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणारी. त्यांतील पहिली काही अगदी थोड्या तयारीवर वाजविता येतात.

आता बाजारातील वहीविषयी. एकच रचना अनेक प्रकाशकांकडून मिळते आणि किमतींत बराच फरक असतो. 'उरटेक्स्ट' म्हणून छापलेली आवृत्ती संगीतकाराच्या हस्तलिखिताशी व आरंभीच्या छापील प्रतींशी ताडून तयार केलेली असते. जुन्या आवृत्त्यांत संपादकांनी आपल्या पसंतीच्या गजाच्या व बोटांच्या खुणा भरलेल्या असतात. त्या नवशिक्यास उपयोगीही पडतात, पण त्या मूळच्या आहेत असे समजू नये. कधी कधी नावही फसवे असते. तिसऱ्या ओपसमधील लोकप्रिय 'सेरेनेड' दीर्घकाळ हेडनच्या नावावर छापले गेले. ते रोमान होफ्श्टेटर याचे असावे असे १९६० नंतरच्या संशोधनाने पुढे आणले. तीत पहिले व्हायोलिन गाते व बाकीचे तिघे बोटांनी तारा छेडतात. रचना गोड आहे, ती अवश्य वाजवावी. मात्र दोन्ही व्हायोलिनवाल्यांनी खुर्च्या आलटूनपालटून घ्याव्यात.

पार्टांच्या संचाबरोबर छोट्या आकाराचा एक स्कोअर घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. पार्टात वाजविणाऱ्यास केवळ आपली ओळ दिसते, स्कोअरमध्ये चौघांच्या ओळी एकाखाली एक दिसतात. पूर्वी क्वार्टेट बहुधा पार्टांच्या रूपानेच विकली जात. पॅरिसमध्ये हेडनचा शिष्य प्लेयल याने १८०२ पासून खिशात मावतील असे स्कोअर काढले. तालीम कोठे अडते आहे हे ज्या पालकास स्वरलिपी येत नाही, त्यालाही स्कोअरवर बोट ठेवून पाहता येते. पार्टांतही दोन गोष्टी तपासाव्यात. पान उलटावयाच्या ठिकाणी विराम आहे काय? आणि चारही पार्टांत मात्राखंडांचे आकडे एकसारखे छापले आहेत काय? आकडे नसतील तर तालमीचा निम्मा वेळ "कोठून घ्यायचे?" या प्रश्नातच जातो. जुन्या आवृत्त्या आज संगणकाच्या जाळ्यावर विनामूल्यही मिळतात, त्यांचा लाभ घ्यावा. परंतु नव्या आवृत्तीवर प्रकाशकाचा हक्क असतो, तिच्या झेरॉक्स प्रती वाटू नयेत.

अखेरची परीक्षा घरीच घ्यावी. चौघांनी वही समोर ठेवून निम्म्या लयीत, चुकले तरी न थांबता, एक भाग शेवटापर्यंत न्यावा. चौघे मिळून शेवटच्या स्वरावर पोहोचले, तर ती वही तुमची. दोनतीन प्रयत्नांतही वाट हरवली, तर ती वर्षभराने उघडावी. एका वेळी तीन रचना हाताशी असाव्यात : एक सहज येणारी, एक कष्टाने येणारी आणि एक नुसती स्वप्नात ठेवावयाची.

आपल्या गोमंतकात पोर्तुगीज काळी चर्चच्या शाळांतून मुले सोल्फा व व्हायोलिन शिकत. त्याच वाचनाच्या बळावर पुढे गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. आज पणजीच्या कला अकादमीत कोणाचेही मूल हे शिक्षण घेऊ शकते. मराठी घरांत ही वाद्ये आता परकी राहिलेली नाहीत. परके राहिले आहे ते चौघांनी सारख्या मानाने बसणे. मुलगा अथवा मुलगी "आज तालीम नको" म्हणेल, तेव्हा रागावण्यापूर्वी त्याचा वा तिचा पार्ट उघडून पाहावा. त्या पानावर त्या मुलासाठी काही लिहिलेले आहे काय? नसेल, तर दुसरी वही आणावी.