पंच नसतो तेव्हा…

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी स्पर्धा आठवतेय ना? गादी विभागाच्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला चितपट ठरवलं गेलं. निर्णय पटला नाही म्हणून राक्षेने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांशी वाद घालत मैदान सोडलं. दोघांवरही ३ वर्षांची बंदी आली. सोशल मीडियावर मग दोन तट पडले : ‘पंच चुकला’ आणि ‘पैलवान चुकला’.

खरं तर पंच चुकू शकतो, हे मान्य करूनही लाथ चूकच ठरते. आणि तिचा पहिला फटका लाथ मारणाऱ्यालाच बसतो. निर्णय योग्य होता का, हा रास्त प्रश्न मागे पडतो अन् चर्चा फक्त लाथेची होते.

आता आपल्याकडे या. अहिल्यानगरला निदान पंच होते, कारवाई करणारी संघटना होती. तुम्ही आमखास मैदानावर टेनिस बॉलची मॅच लावता किंवा रात्री टर्फ बुक करता, तेव्हा काय असतं? बॅटिंगवाल्यांचाच एक पोरगा अंपायर! दाद मागायला कुणी नाही. म्हणजे तिथे शिष्टाचार ही शोभेची गोष्ट नाही, तीच एकमेव यंत्रणा आहे. ती मोडली की खेळ संपला.

यावर उपाय नाही असं नाही. अल्टिमेट फ्रिस्बी हा खेळ जागतिक स्पर्धेतही रेफरीशिवाय खेळतात. फाऊल खेळाडूच सांगतात. समोरच्याला तो पटला नाही, तर तबकडी पुन्हा फेकणाऱ्याच्या हातात जाते आणि खेळ पुढे सुरू. आपणही हेच करू शकतो. वाद झाला? बॉल पुन्हा टाका. अर्धा तास भांडून टर्फचं भाडं कशाला वाया घालवायचं?

बाकी गोष्टी साध्याच आहेत. नियम टॉसच्या आधी ठरवा, आऊट झाल्यावर नाही. कट लागली हे तुम्हाला कळलंय, तर स्वतःहून चालू लागा. बॅटिंग झाली की ‘घरून फोन आलाय’ म्हणत सटकू नका. फिल्डिंगही आपलीच असते. वर्गणी मागायला लावू नका. नवख्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून कोपऱ्यात उभं करू नका, एखादी ओव्हर द्या. शिव्यांना ‘मस्ती’ म्हणायचं की नाही, ते ऐकणाऱ्याला ठरवू द्या.

रडीचा डाव खेळून एखादी मॅच जिंकता येईलही, राव. पण पुढच्या रविवारी टीम पाडताना तुमचं नाव कुणी घेतलं नाही, तर त्या जिंकण्याचं करायचं काय?