जुन्या खेळांसाठी पडदा कोणता घ्यावा?

गेल्या महिन्यात आमचा भाचा दुकानात आला. म्हणाला, "मामू, जुन्या व्हिडिओ गेम्सची चार यंत्रे लावायची आहेत. एकजण काचेच्या ट्यूबचे जुने मॉनिटर देतोय, दुसरा म्हणतो नवे एलसीडी घ्या. पैसे तुम्ही देणार, तेव्हा तुम्हीच सांगा."

आम्ही कापडाचे व्यापारी. पण जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली 'स्ट्रीट फायटर टू' काढला तेव्हा आम्ही विशीत होतो. पुढे तो आमच्या बाजारातल्या पार्लरमध्ये आला आणि दुकान बंद झाल्यावर आम्ही त्यात किती नाणी घातली, याचा हिशेब वालिदसाहेबांना कधी दिला नाही. म्हणून या सवालाचा आम्ही थोडा अभ्यास केला.

कापड पारखताना ते कोणत्या मागावर विणले हे आधी पाहावे लागते. हे खेळ ट्यूबच्या मागावर विणलेले आहेत. 'स्ट्रीट फायटर टू'चे चित्र आडवे ३८४ आणि उभे २२४ ठिपक्यांचे. ट्यूबवर ते चारास तीन या मापात बसते, म्हणजे ठिपका रुंदीला थोडा दबतो. कारागिरांनी तेच धरून चित्रे काढली. नव्या पडद्यावर ठिपका चौरस ठेवला की पहिलवान जाडे दिसू लागतात. शिवाय १०८० ओळींच्या पडद्यात २२४ ओळी सरळ भागात नाहीत. चौपट केल्या तर ८९६ होतात, बाकी जागा काळी राहते. पूर्ण पडदा भरायचा म्हटले तर काही ओळी जाड, काही बारीक होतात. सदोष विणीचे ठाण डोळ्याला टोचते, तसेच हे. २१६० ओळींच्या पडद्यावर नऊपटीने २०१६ होतात आणि दोष जवळजवळ झाकला जातो. तेव्हा नवा पडदा घ्यायचाच तर जास्त ओळींचा घ्यावा.

दुसरी बाब रंगाची. धूपछाँव कापडात ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा; लांबून तिसराच रंग दिसतो. ट्यूबचा ठिपका कडेला मऊ असतो, त्यामुळे शेजारचे रंग असेच मिसळतात. एलसीडीवर प्रत्येक ठिपका सुटा उभा राहतो. हल्ली संगणकावर ट्यूबच्या ओळींची नक्कल करता येते आणि चांगल्या पडद्यावर ती बरी दिसते, हे आम्ही मान्य करतो.

धावत्या चित्राला मात्र तोड नाही. ट्यूबवर प्रकाश क्षणभर चमकून विझतो. एलसीडी तेच चित्र सेकंदाचा साठावा भाग धरून ठेवतो, म्हणून नजरेला ते पुसट वाटते. बटण दाबल्यापासून हात हलेपर्यंतचा उशीरही टीव्ही निवडताना तपासावा. टीव्हीत गेम मोड असेल तर तो लावावाच. बंदुकीच्या जुन्या खेळांचा तर प्रश्नच मिटतो, ती बंदूक एलसीडीवर चालत नाही. आणि अटारीच्या १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये किरण थेट रेघा ओढतो. ती चमक नव्या पडद्यावर उतरत नाही.

मग सगळे ट्यूबच घ्यावेत का? आमचे मत, नाही. रंगीत ट्यूब बनवणारे मोठे कारखाने बंद झाले आहेत. आज घेतलेला माल फुटला तर बदली दुसऱ्याच्या जुन्यातूनच शोधायची. कपॅसिटर सुकतात, फ्लायबॅक जातो. आत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ राहतो, म्हणून अनाडी माणसाने मागचे झाकण उघडू नये. परदेशातून आलेले मॉनिटर बहुधा १०० ते ११० व्होल्टचे. आपल्या २३० वर थेट लावले की जळालेच. कित्येकांना वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही लागतो. दिवसभर पोरे खेळणार त्या धंद्यात यंत्र आठवडाभर बंद पडले तर भाडे कोण भरणार?

एक तक्रारही नोंदवतो. आम्हाला एका व्यापाऱ्याने "जसेच्या तसे जुने" म्हणून यंत्र दाखवले. मागे डोकावलो तर ट्यूब काढून, लाकूड कापून एलसीडी बसवलेला. एलसीडी बसवणे गुन्हा नाही, पण मिलावटी सूत शुद्ध म्हणून विकणारा आणि हा यांच्यात आम्हाला फरक दिसला नाही. चालती ट्यूब काढून भंगारात टाकणे तर दुप्पट तोटा. त्या काचेत शिसे असते आणि तिचा गिऱ्हाईक अजून जिवंत आहे.

भाच्याला आम्ही तीन यंत्रे नव्या पडद्याची घ्यायला सांगितले, चौथे ट्यूबचे. अट एकच: आमच्या गल्लीतले जुने टीव्ही मेकॅनिक उस्ताद अजून हात चालवतात, त्यांच्याकडे त्याने रोज संध्याकाळी तासभर बसायचे. तूर्त तो डाग लावायला शिकतोय. उस्तादांनी त्याला अजून ट्यूबला हात लावू दिलेला नाही.