यंत्राने कोणाचे चेहरे पाहिले?

कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी हल्ली 'डीप लर्निंग' हा शब्द सारखा येतो. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी मोबाईलपुढे चेहरा धरण्याची सोय झाली आहे. तेव्हा हा शब्द घरातील वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

पूर्वी संगणकाला प्रत्येक नियम माणूस लिहून देई. येथे त्याला लाखो फोटो दाखवतात, हे मांजर, हे कुत्रे, असे सांगून. आत हिशेबाचे थरावर थर असतात. पहिले थर रेघा व कडा टिपतात, पुढचे कान-डोळे, शेवटचा उत्तर देतो. उत्तर चुकले की आतले आकडे किंचित बदलतात. आपले पोर गिरवून शिकते तसेच. फक्त पोराला दोन-चार मांजरे पुरतात! २०१२ साली टोरांटोच्या जेफ्री हिंटन व त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी फोटो ओळखण्याच्या मोठ्या स्पर्धेत याच रीतीने बाजी मारली, आणि तिचा बोलबाला झाला.

मात्र यंत्र पाहील तेवढेच शिकते. २०१८ साली अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक भगिनींनी, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक शंभरात एकसुद्धा नाही. काळ्या-सावळ्या स्त्रियांबाबत मात्र दोन यंत्रणा शंभरात ३४ हून अधिक वेळा चुकल्या! अशा यंत्रणा जोखण्याच्या एका नामांकित फोटोसंग्रहात सुमारे ८० टक्के माणसे उजळ वर्णाची होती. मग चूक ध्यानात येणार कोणाच्या?

या भगिनींनी आकडे जाहीर केले. काही महिन्यांनी फेरतपासणी झाली, तेव्हा तिन्ही कंपन्यांच्या चुका बऱ्याच घटल्या होत्या.