थ्री-टियर सिक्युरिटी आणि बारा तासांची खुर्ची

भारतातून पाहुणे आले की मिल्टन कीन्सचे आपण सगळे त्यांना ब्लेचली पार्कला नेतो. (काँक्रीटच्या गाई दाखवून झाल्यावर दुसरं काय दाखवणार?) तिथे पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "एवढं गुपित काम, आणि ते या लाकडी खोपट्यांत?"

प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धात एनिग्माचे संदेश जिथे फोडले गेले, त्या जागेत अभेद्य म्हणावं असं फारसं काही नाही. एक व्हिक्टोरियन हवेली, एक तळं, भोवती कुंपण, फाटकावर पास तपासणारे शिपाई आणि घाईघाईने ठोकलेल्या हट. नोव्हेंबर 1940 मध्ये आवारात बाँब पडले, तेव्हा हट क्रमांक 4 धक्क्याने चक्क पायावरून सरकली. ती ओढून पुन्हा जागेवर बसवली आणि आतलं काम चालू राहिलं. युद्धाच्या शेवटाकडे तिथे सुमारे 9,000 माणसं पाळ्यांमध्ये राबत होती, चारांत तीन बायका. शेजारच्या खोलीत काय चालतं हे त्यांनी विचारलं नाही, आणि 1974 मध्ये पुस्तकातून गोष्ट फुटेपर्यंत बहुतेकींनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. भिंत म्हणायची तर ती ही.

आणि जी फट पडली, तीही माणसातूनच. जॉन केर्नक्रॉस 1942-43 मध्ये इथे कामाला होता आणि इथले कागद सोव्हिएत हेरांकडे पोचवत होता. तो कुंपणावरून चढून आला नव्हता. त्याच्या खिशात रीतसर पास होता.

आता याच शहराच्या पश्चिमेला या. वुडहिल तुरुंग 1992 मध्ये सुरू झाला. उंच भिंती, तारा, कॅमेरे, देशातले सर्वांत धोकादायक कैदी ठेवण्यासाठी वेगळा विभाग. इमारत म्हणून कुठे कमी नाही. पण 2023 मध्ये तुरुंगांचे मुख्य निरीक्षक चार्ली टेलर यांनी न्यायमंत्र्यांना याच वुडहिलबद्दल तातडीची सूचना धाडली. हिंसाचार, अमली पदार्थ आणि या सगळ्याच्या मुळाशी कर्मचाऱ्यांचा भयंकर तुटवडा. भिंती होत्या तशाच होत्या. भिंतींच्या आत उभं राहायला पुरेशी माणसं नव्हती.

हे सगळं सांगायचं कारण आपले पुण्यातले फ्लॅट. बाणेर, वाकड, खराडी, जिथे कुठे आपण घेतले असतील तिथले. माहितीपत्रकात "थ्री-टियर सिक्युरिटी" वाचून आपण खूश झालो होतो. त्यातले दोन टियर म्हणजे कॅमेरे आणि मोबाइलवरचं ॲप. तिसरा टियर म्हणजे फाटकाजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बारा तास बसणारा माणूस. आमच्या सोसायटीत त्याला स्वतंत्र स्वच्छतागृह नाही. रात्रपाळीनंतर बदली माणूस आला नाही, तर तोच दिवसपाळीही करतो. गेल्या वर्षी सभेत ठराव आला की बाराऐवजी आठ तासांच्या पाळ्या कराव्यात आणि पगार वाढवावा. दर फ्लॅटमागे महिन्याला 300 रुपये जास्त. पौंडांत सांगायचं तर तीनही नाहीत. ठराव पडला. सर्वांत मोठा विरोध कोणाचा? झूमवर हजर असलेल्या आपल्यासारख्यांचा. "आम्ही तिथे राहतच नाही, मग आम्ही का भरायचं?" इथे काउन्सिल टॅक्सच्या बिलात पोलिसांचा हिस्सा असतो, तो निमूटपणे भरणारे हे लोक. उलट ज्याचं घर वर्षातले अकरा महिने बंद, त्यालाच त्या खुर्चीवरच्या माणसाची जास्त गरज आहे, हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

त्याच सभेत नवे कॅमेरे मात्र एकमताने मंजूर झाले. कॅमेऱ्यांशी माझं वैर नाही, माझ्याही दारावर एक आहे. पण चोर कसा दिसत होता हे तो नंतर सांगतो. आणि सोळाव्या तासाला पेंगणाऱ्या माणसासमोर चोवीस चौकोनांचा पडदा लावून पहारा दुप्पट होतो, असं मानणाऱ्यांनी स्वतः एक रात्र तो पडदा बघावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: "हे लोकच सामील असतात." असतीलही कधी. पण मग शिवकाळाकडे नुसती छाती फुगवून न बघता थोडं नीट बघू या. माणूस फुटू शकतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं का? सभासद बखरीत गडाची व्यवस्था दिली आहे. हवालदार, सबनीस, कारखानीस असे बरोबरीचे अधिकारी, वेगवेगळ्या जातींचे, म्हणजे एकट्याला गड शत्रूला देता येऊ नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दरवाजे, चोरवाटा यांच्याइतकाच विचार गडावरच्या माणसांचा आहे. घेऱ्यातल्या मेटांवर रामोशी, महार, बेरड अशा लोकांच्या चौक्या असत आणि त्या राखणीवर त्यांचं पोट चाले. संशय होता म्हणून अधिकार वाटले, पोट मारलं नाही. आपण नेमकं उलटं करतो. संशय पूर्ण ठेवतो, पगार कमीत कमी देतो, दर सहा महिन्यांनी स्वस्तातली एजन्सी बदलतो. मग फाटकावरच्या माणसाला रहिवासी ओळखू येत नाहीत आणि रहिवाशांना त्याचं नावही माहीत नसतं. कोंढाणा 1670 मध्ये जिंकला गेला तो कड्याच्या बाजूने, जिथून कोणी येणारच नाही असं धरून चालले होते तिथून. आपल्या फाटकावरचा कडा म्हणजे ही अनोळख.

कायद्याचंही ऐका. खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन आणि कल्याण यांसाठी महाराष्ट्राने 1981 मध्येच कायदा केला, त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. 2005 चा केंद्राचा कायदा एजन्सीला परवाना सक्तीचा करतो. तुमच्या एजन्सीचा परवाना, रक्षकाच्या पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा, यांपैकी काय तुमच्या समितीने कधी मागितलं? आमच्या समितीने मागितलं नव्हतं. "ते एजन्सी बघते" असं उत्तर मिळालं.

वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. पुण्यात रविवारी सकाळी दहा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. गजर लावा आणि उठा. आठ तासांची पाळी, केबिनला लागून स्वच्छतागृह, आणि पगार थेट रक्षकाच्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय एजन्सीचं बिल चुकतं करायचं नाही, एवढे तीन विषय आधीच लेखी पाठवून विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. कोणी म्हणालं की बाहेरच्यांनी यात बोलू नये, तर गेल्या वर्षी बाहेरच्यांनीच ठराव पाडला होता, ते इतिवृत्तात आहे.